आजीचा डबा आणि माझी चिंच

घाटकोपरच्या भटवाडीतली आमची खोली रिकामी करताना माळ्यावर आजीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली 37 नाणी होती. चार बंदे रुपये, काही ढब्बू पैसे, काही भोकाचे पैसे आणि उरलेली नव्या पैशांची चिल्लर. 2021चा जुलै होता. कोरोनामुळे ऑफिस बंद, पगार निम्मा आणि मी मुलुंडच्या घरात बसून. मोबाइलवर एक जाहिरात रोज दिसायची, ‘जुनी नाणी विका, लाखो कमवा’. मी त्या नंबरवर डब्याचा फोटो पाठवला.

पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलायचा. पंचम जॉर्जचा 1918चा रुपया आणि माझ्या पर्समधलं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, दोन्ही मिळून नऊ लाख देतो म्हणाला. फक्त फोटो चकचकीत हवेत. मग मी आई तांब्या-पितळेची भांडी घासायची तशी चिंच आणि मीठ लावून सगळी नाणी लखलखीत घासली. त्यानंतर नोंदणी म्हणून 1,150 रुपये भरले, ‘जीएसटी’ म्हणून 6,500 भरले. तिसऱ्यांदा रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र आलं आणि ‘प्रमाणपत्रा’साठी 18,000 मागितले. ते पत्र माझ्या मुलीनं वाचलं आणि माझ्या हातातून फोनच काढून घेतला. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत.

4 ऑगस्टला रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढलं. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, त्यासाठी बँक कधीही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीनं ते घ्यायचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही, असा त्याचा आशय होता. तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. जो तुमची वस्तू घेणार आहे, त्यानं तुम्हाला पैसे द्यायचे असतात. तो आधी तुमच्याकडूनच मागत असेल तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. त्यात तास-दोन तासांनीही फरक पडतो. मी लाजेनं आठ दिवस गप्प बसले होते.

दुसरं नुकसान कळायला आणखी काही महिने लागले. लोकल सगळ्यांना खुली झाल्यावर मी डबा घेऊन फोर्टला एका जुन्या व्यापाऱ्याकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एक ढब्बू पैसा उलटापालटा केला आणि विचारलं, “ताई, घासलंत का हे?” मी हो म्हटल्यावर त्यांनी नाणं हळूच खाली ठेवलं. तांब्यावर काळानं चढलेला तपकिरी थर हाच त्या नाण्याचा पुरावा असतो, आणि संग्राहक त्याचेच पैसे मोजतो. आम्लानं तो एकदा गेला की परत आणता येत नाही. चांदीच्या रुपयांना त्यांनी फक्त वजनाचा भाव सांगितला.

त्या दिवशी ते तासभर शिकवत बसले. 1939पर्यंतचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा, आणि त्यात जवळपास 92 टक्के चांदी. 1940पासून चांदी निम्म्यावर आली. 1947चा रुपया तर निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. माझा 1918चा रुपया दुर्मीळ का नाही, हेही तिथंच कळलं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेनं कोट्यवधी डॉलर वितळवून चांदी विकली आणि आपल्या टाकसाळींनी रुपयांचा पाऊस पाडला. त्यामुळे आजही 1918चे रुपये घराघरांतून निघतात. उलट 1939चा चांदीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, म्हणून 1938मधला 8 खरवडून 9 केलेले रुपये बाजारात फिरतात.

रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय तिथं फोर्टातच, सर फिरोजशहा मेहता मार्गावर आहे. 2004मध्ये ते सुरू झालं. मुलुंडहून थेट लोकल असून मी जन्मात तिकडे फिरकले नव्हते. तिथं तीन शनिवार घालवले आणि मग छंद लागला. आता कुणी सुट्टे दिले तरी आधी सालाखाली बघते. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर आपल्या मुंबईच्या टाकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं.

उत्पन्नाची वाट मात्र अनपेक्षित निघाली. 2022मध्ये माझ्या दिरांची साठी होती. त्यांना 1962 सालच्या नाण्यांचा संच चौकटीत बसवून दिला, एका नव्या पैशापासून एक रुपयापर्यंत. दशमान पद्धत 1 एप्रिल 1957ला आली, पण त्या पद्धतीतला पहिला रुपया 1962चाच. जेवणं राहिली बाजूला आणि ती चौकट पंगतीत सगळ्यांच्या हातून फिरली. जाऊबाईंच्या बहिणीनं लगेच आपल्या नवऱ्यासाठी तसाच संच मागितला. आता वर्षाला वीस-बावीस संच जातात. खर्च वजा जाता संचामागे चार-पाचशे रुपये सुटतात. ज्यांचा खिसा लहान त्यांच्यासाठी वाढदिवसाची नोट शोधून देते. 15 ऑगस्ट 1992चा जन्म असेल तर जिच्या क्रमांकाचे सहा आकडे 150892 आहेत ती दहाची नोट. अशी नोट मिळायला कधी दोन महिने लागतात, म्हणून तारीख ठरवून शब्द देत नाही. यावर घर चालत नाही आणि नोकरी सोडून कुणी यात पडूही नये. माझा रेल्वेचा पास आणि मुलीची पुस्तकं यातून निघतात.

हे करायचं असेल तर आधी सहा महिने फक्त बघा. छोटा वजनकाटा, भिंग आणि लोहचुंबक एवढं सामान पुरतं. नाणं कडेनं धरा. साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातल्या पीव्हीसीनं नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. चौकटीत गोंद अजिबात नको.

फुटपाथवर राम-लक्ष्मण-सीता असलेलं 1818चं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं’ दिसलं तर पुढे चला. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. शिवराईबद्दल तर मला फार कळकळीनं सांगायचं आहे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरं दिसली की आपला ऊर भरून येतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. शिवराई महाराजांच्या नंतरही, पेशवाईतसुद्धा, पाडली जात होती. त्यामुळे दिसली ती शिवराई महाराजांच्या काळातली, असं मुळीच नाही.

कायद्याची बाजूही पाहा. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते अमेरिकेतल्या भाच्याला कुरियरनं पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. मी म्हणूनच संचांसाठी फक्त 1957 नंतरची नाणी घेते. ‘गावी शेतात हंडा सापडला’ म्हणून कुणी नाणी आणली तर हात लावू नका. असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तो कायदा 1878पासून आहे. आणि दागिन्यांसाठी नाणी वितळवणं हा 2011च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे.

तुमच्या घरीही असा डबा असेल. त्यातलं काही घासू नका आणि विकायची घाई करू नका. घरात आजी-आजोबा असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसून प्रत्येक नाणं कुठून आलं ते विचारा, कागदावर लिहा आणि तो कागद डब्यात ठेवा. माझ्या आजीला 1918चा तो रुपया कुणी दिला, ते सांगणारं आता आमच्याकडे कुणी नाही.