लेण्यांची चढण, पायदुखी आणि वीणेची तार



सुट्ट्या लागल्या की आपल्या वालचंदनगर, कळंब, जंक्शन भागातल्या वस्त्यांतून अजिंठ्याची धम्मसहल निघते. रात्रभर गाडीत बसून जायचे, दिवसभर लेणी बघायची, पुन्हा रात्रभर प्रवास आणि सकाळी कामावर हजर. कारण खाडा झाला की हजेरी बुडते.

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या दरीत कोरलेली आहेत. उन्हाळ्यात नदी आटते, काळा कातळ तापतो आणि दरीत वारा लागत नाही. सुरुवातीच्या पायऱ्या, मग 26 व्या लेण्यातल्या महापरिनिर्वाण मूर्तीपर्यंतची चाल, आणि हौशी मंडळींसाठी नदीपलीकडच्या डोंगरावरची चढण.

गेल्या मे महिन्यात आमच्या सहलीतला एक तरुण भरदुपारी ही चढण चढला. पायात साधी चप्पल, पाण्याची एक बाटली तिघांत. परतल्यावर मांड्या भरून आल्या. दुखणे थांबवायला त्याने मेडिकलमधून गोळ्या आणून दोन दिवस घेतल्या आणि कामावर गेला. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. बायकोने हट्टाने दवाखान्यात नेले म्हणून मूत्रपिंडे वाचली.

शरीरात काय होते?

सवय नसताना खूप चढ-उतार केला की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. उतरताना ती जास्त होते, कारण शरीराचा भार पेलत मांडीचा स्नायू ताणला जातो. म्हणून दुखणे त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते. चार-पाच दिवसांत ते आपोआप ओसरते. हे आजारपण नव्हे, दुरुस्तीचे काम आहे.

पण इजा फार झाली, तर स्नायूंतला लाल पदार्थ रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतो. अंगात पाणी कमी असेल तर धोका वाढतो. अशा वेळी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर आणखी ताण देतात. त्या तरुणाचे नेमके हेच झाले.

परतल्यावर काय करावे?

- ओआरएसची एक पुडी, तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडे थोडे प्या. पुडी नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. खोक्यातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.
- भाकरी, वरण, अंडी, शेंगदाणे, ताक असे घरचेच जेवण पोटभर घ्या. झोप पुरी करा.
- पहिल्या दिवशी गार पाण्याची पट्टी ठेवा. जोरात रगडून मालिश नको. दुसऱ्या दिवसापासून सावकाश थोडे चाला.
- पायाला फोड आला तर फोडू नका. साबणाने धुऊन स्वच्छ कापड बांधा.
- जमले तर परतल्यानंतरचा एक दिवस आधीच रजेचा धरा, किंवा हलके काम मागून घ्या.

आपल्या माय-बहिणी प्रवासात लघवीची सोय नसते म्हणून पाणीच पीत नाहीत. सहल ठरवणाऱ्यांनी गाडी कुठे कुठे थांबणार ते आधी सांगितले, तर हा त्रास टळेल.

थांबू नका, दवाखाना गाठा

लघवी काळपट होणे किंवा फार कमी होणे, स्नायू सुजून टणक होणे, उलट्या न थांबणे ही धोक्याची चिन्हे आहेत. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

धम्माची आठवण

सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता इतका झिजला की तळपायातून रक्त आले, आणि धम्म सोडून घरी जावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? मग त्यांनी त्याला समतोल प्रयत्नाची वाट दाखवली. इतकेच नव्हे, तर त्याच्या पायांची दशा पाहून भिक्खूंना एका तळव्याच्या पादत्राणांची परवानगीही दिली. म्हणजे शरीराची काळजी घेणे हा धम्मातला कमीपणा नव्हे.

लेणी दोन हजार वर्षे उभी आहेत, पुढच्या वर्षीही असतील. थकलात तर सावलीत बसा, डोंगर खालूनच बघा. तार तुटू देऊ नका.

रविवारच्या वंदनेनंतर विहारात चर्चेसाठी: आपल्या पुढच्या सहलीत दर माणशी पाणी किती घ्यायचे? भरदुपारी चढण टाळण्यासाठी गाडी किती वाजता पोहोचली पाहिजे? ओआरएसच्या पुड्या कोणाकडे ठेवायच्या?