झडती, जप्ती आणि प्रवाशाचे हक्क

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे वाक्य आपण नागरिकशास्त्रात वाचतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. मला त्याचा अर्थ कळला तो वर्गात नव्हे, तर मानपाड्यातील आमच्या घरात.

दोन वर्षांपूर्वी माझी आत्या मस्कतला मुलाकडे राहून परत आली. विमानतळावर तिला बाजूला घेण्यात आले. हातातल्या चार बांगड्या तिच्या लग्नातल्या. पण त्या इथूनच नेल्या होत्या याचा कागद तिच्याजवळ नव्हता. तीन तास बसवून ठेवल्यावर एक छापील फॉर्म तिच्यापुढे आला. ‘सही करा, म्हणजे लवकर सुटाल,’ असे सांगण्यात आले. तिने न वाचता सही केली. ‘मला नोटीस नको, सुनावणी नको’ असे त्या फॉर्मवर छापलेले होते, हे आम्हांला पुढे वकिलांकडून कळले. बांगड्या परत मिळाल्या, पण आठ महिन्यांनी आणि दंड भरून. त्या निमित्ताने मी सीमाशुल्क अधिनियम, १९६२ वाचू लागलो. आमच्या भागातून आखाती देशांत नोकरीला जाणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभ्यास येथे मांडत आहे.

प्रथम दुसरी बाजू पाहू. कस्टमच्या अधिकाऱ्यांना झडतीचा अधिकार उगाच दिलेला नाही. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिचहून मनिलाला जाणारे स्विसएअरचे विमान सांताक्रूझला थांबले. त्यातील एका जर्मन प्रवाशाच्या जाकिटात एकेक किलोच्या सोन्याच्या ३४ लगडी निघाल्या. असे सोने भारतातून नेण्यावर निर्बंध घालणारी अधिसूचना राजपत्रात येऊन अवघे चार दिवस झाले होते. ‘मला ठाऊक नव्हते’ हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज’ या खटल्यात मान्य केला नाही. तेव्हा अज्ञान प्रवाशाला वाचवीत नाही, हे येथेच ध्यानात घ्यावे.

आता हक्कांकडे वळू.

(१) अंगझडती. कलम १०० प्रमाणे संशयित प्रवाशाची झडती घेण्यास अधिकाऱ्याजवळ सकारण विश्वास असावा लागतो. नुसती लहर पुरत नाही. कलम १०२ प्रमाणे प्रवाशाने मागणी केल्यास त्याला जवळच्या राजपत्रित कस्टम अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे विनाविलंब न्यावे लागते. झडतीला पुरेसे कारण नाही असे त्यांना वाटल्यास त्यांनी प्रवाशास लगेच सोडले पाहिजे. झडती दोन किंवा अधिक पंचांसमक्ष व्हावी, जप्त वस्तूंची यादी करून तीवर पंचांच्या सह्या घ्याव्यात आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी, असेही हेच कलम सांगते. यादीची प्रत आपण आवर्जून मागावी.

(२) शरीरात वस्तू लपविल्याचा संशय. याविषयी कलम १०३ आहे. प्रवाशाने स्वतः कबुली देऊन संमती दिली नसेल, तर डॉक्टरकडून क्ष-किरण तपासणी करण्यास दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मात्र उपआयुक्त किंवा सहायक आयुक्त यांच्या पूर्वमंजुरीने यंत्राद्वारे स्कॅनिंग करता येते.

(३) जबाब. हा भाग सर्वांत नाजूक. कस्टम अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमेशचंद्र मेहता खटल्यात ठरविले. त्यामुळे कलम १०८ खाली दिलेला जबाब पुढे आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकतो. चौकशीच्या वेळी वकील शेजारी बसविण्याचा हक्कही १९९२ च्या पूलपांडी निकालाने नाकारला आहे. म्हणून जबाब खरा द्यावा, वाचून पाहावा, आणि जे आपण बोललो नाही त्याखाली सही करू नये.

(४) जप्ती. माल सरकारजमा करण्यापूर्वी कलम १२४ प्रमाणे कारणे कळविणारी नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. जप्तीपासून सहा महिन्यांत, आणि रीतसर मुदतवाढ झाल्यास आणखी सहा महिन्यांत, नोटीस न निघाल्यास माल परत करावा लागतो. आत्याने सही केली तशा छापील फॉर्मवर नोटिशीचा हक्क सोडून देणे कायद्याला धरून नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली स्पष्ट केले.

(५) अटक. अटकेची कारणे सांगणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे घटनेच्या कलम २२ चे बंधन कस्टमलाही लागू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राधिका अगरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेविषयीच्या या संरक्षणांवर पुन्हा भर दिला.

(६) अधिकाऱ्याची जबाबदारी. सकारण विश्वास नसताना अंगझडती घ्यायला लावणाऱ्या किंवा अटक करणाऱ्या अधिकाऱ्यास कलम १३६ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. माल गेला म्हणजे प्रकरण मिटले, असे पुष्कळांना वाटते. ६ नोव्हेंबर १९४९ रोजी जेद्दाहून सांताक्रूझला उतरलेल्या एका प्रवाशाचे १०७ तोळ्यांहून अधिक सोने कस्टमने सरकारजमा केले आणि नंतर त्याच्यावर फौजदारी खटलाही भरला. एकाच अपराधाला दोनदा शिक्षा नको, असे तो म्हणाला. परंतु कस्टमची कारवाई म्हणजे न्यायालयातील खटला नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली ‘मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात दिला. तेव्हा त्या टेबलावर केलेली सही ही शेवट नसते. कित्येकदा ती सुरुवात असते.

कलम १०२ मधील ‘मागणी केल्यास’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. हा हक्क मागणाऱ्याचा आहे. ज्याला तो ठाऊकच नाही, तो मागणार कसा? म्हणजे अज्ञानाची सबब चालत नाही ती नाहीच, उलट अज्ञानाने हक्कही हातचा जातो. शिकलेल्या मुलांनी घरच्यांसाठी निदान एवढे वाचून ठेवावे.

गेल्या दिवाळीनंतर आत्या पुन्हा मस्कतला गेली. जाताना तिने निर्गमनाच्या वेळीच कस्टमकडून बांगड्यांचे प्रमाणपत्र करून घेतले. चष्मा मात्र ती मोठ्या बॅगेत ठेवत होती. तो मी काढून तिच्या हातातल्या पिशवीत ठेवला.