आधी रेल्वे, मग वस्ती : स्टॉकहोमच्या वेलिंगबी उपनगराचा धडा

घरटंचाई हा केवळ गरीब देशांचा प्रश्न आहे, अशी समजूत आढळते. ती वस्तुस्थितीला धरून नाही. आज सुखवस्तू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वीडनमध्येही १९३० च्या दशकात एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत संपूर्ण कुटुंब राहत असल्याचे चित्र शहरोशहरी दिसत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राजधानी स्टॉकहोमकडे लोकांचा ओघ वाढला आणि निवाऱ्याचा प्रश्न अधिकच बिकट झाला. त्यावर शोधलेल्या उत्तरांपैकी सर्वाधिक अभ्यासले गेलेले उत्तर म्हणजे शहराच्या पश्चिमेस वसविलेले वेलिंगबी हे उपनगर होय.

जमीन नगराच्या मालकीची

या उपनगराची पूर्वतयारी फार आधीच झाली होती. स्टॉकहोम नगरपालिकेने १९०४ पासून शहराबाहेरील शेतजमिनी व जंगले विकत घेण्यास प्रारंभ केला. त्या जमिनी तिने विकून टाकल्या नाहीत. १९०७ च्या कायद्याने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची सोय झाली. परिणामी नवी वस्ती उभारण्याची वेळ आली, तेव्हा जमिनीच्या सट्टेबाजीचा अडथळा फारसा आला नाही. रस्ता कोठून जावा, शाळा कोठे असावी आणि मोकळी जागा किती राखावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य नगरपालिकेला मिळाले. घरे बांधण्याचे काम प्रामुख्याने १९४७ मध्ये नगरपालिकेच्या मालकीच्या झालेल्या ‘स्वेन्स्का बोस्तेडर’ या गृहनिर्माण कंपनीने केले.

काम, घर आणि केंद्र

१९४४ ते १९५४ या काळात स्वेन मार्केलियस हे वास्तुशिल्पज्ञ स्टॉकहोमच्या नगररचना विभागाचे प्रमुख होते. उपनगर म्हणजे केवळ रात्री झोपण्याचे ठिकाण नव्हे, अशी त्यांच्या योजनेमागील भूमिका होती. काम, निवास आणि केंद्र या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्यात, असा आग्रह धरण्यात आला. स्वीडिश भाषेत या तीन शब्दांची आद्याक्षरे ए, बी, सी अशी येतात. म्हणून अशा वस्तीला ‘एबीसी नगर’ असे नाव पडले.

योजनेचा कणा होता भुयारी रेल्वे. शहरातील ह्योतोर्येट स्थानकापासून वेलिंगबीपर्यंतचा मार्ग २६ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला. उपनगराच्या केंद्राचे उद्‌घाटन त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९५४ मध्ये झाले. १९५७ मध्ये हा मार्ग शहराच्या दक्षिण भागातील मार्गाशी जोडला गेला.

स्थानकालगत दुकाने, ग्रंथालय, चित्रपटगृह व चर्च यांनी वेढलेला चौक आहे. स्वेन बॅकस्ट्रॉम व लेइफ रेनियस यांनी आखलेल्या या केंद्रात पादचाऱ्यांना मोटारींपासून वेगळे ठेवले आहे. स्थानकाजवळ उंच इमारती, त्यांच्या पलीकडे तीन मजली चाळवजा इमारती आणि सर्वांत दूर लहान बैठी घरे, अशी रचना करण्यात आली. त्यामुळे बहुसंख्य रहिवाशांना स्थानक पायी गाठता येते. डिसेंबरमध्ये येथे दुपारी तीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वाटा बर्फाने झाकल्या जातात. अशा वेळी हे अंतर किती, यावरच दिनक्रमाची सुलभता अवलंबून असते.

सामुदायिक धुलाईघर

येथील दैनंदिन जीवनाचे वैशिष्ट्य पाहावयाचे असेल, तर इमारतीच्या तळघरात जावे लागेल. स्वीडनमधील भाड्याच्या इमारतींत सामायिक धुलाईघर असते. त्यास ‘त्वेतस्तुगा’ म्हणतात. धुण्याची व वाळविण्याची यंत्रे सर्वांची असतात. फळ्यावर आपले लहानसे कुलूप लावून रहिवासी आपली वेळ राखून ठेवतो. अलीकडे हेच काम अनेक ठिकाणी विद्युत् यंत्रणेवर होते. आपली पाळी संपल्यावर जाळी साफ करणे व फरशी पुसणे हे प्रत्येकाचे कर्तव्य. ते न पाळल्यास दारावर चिठ्ठी चिकटते आणि शेजाऱ्यांत कुरबूर होते. सामायिक मालमत्ता सद्‌भावनेवर चालत नाही. तिला सोपे आणि सर्वांना ठाऊक असलेले नियम लागतात, हेच यावरून दिसते.

भाड्याच्या बाबतीतही असाच सामुदायिक मार्ग आहे. भाडेकरूंची संघटना आणि घरमालक यांच्यात भाड्याविषयी वाटाघाटी होतात. १९७८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. शिवाय सार्वजनिक मालकीची घरे केवळ गरिबांसाठी राखीव नाहीत. शिक्षक, कारागीर व कारकून एकाच जिन्यावर राहावेत, अशी त्यामागील कल्पना होती.

अपुरी राहिलेली उद्दिष्टे

सर्वच अपेक्षा मात्र फलद्रूप झाल्या नाहीत. नोकरदार रहिवाशांपैकी निम्म्यांना वस्तीतच काम मिळावे, असा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक रोज सकाळी गाडीने शहराकडे जाऊ लागले. प्रारंभी राहावयास आलेल्या बहुतेक माता गृहिणी होत्या. पाळणाघरांचा मोठा विस्तार १९७० च्या दशकात झाला.

त्याहून मोठा धडा शेजारच्या तेन्स्तापासून मिळतो. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत दहा लक्ष घरे बांधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीडनने हाती घेतला आणि संख्येच्या दृष्टीने तो जवळजवळ तडीस नेला. त्याच कार्यक्रमात तेन्स्ता उभे राहिले. तेथे पहिली कुटुंबे १९६७ मध्ये आली. भुयारी रेल्वे मात्र १९७५ मध्ये पोहोचली. तब्बल आठ वर्षे बसगाड्यांवर विसंबून राहावे लागले आणि अनेक सोयी घरांच्या मागून आल्या. ज्यांना अन्यत्र घर मिळू शकत होते ते निघून गेले, आणि या वस्तीची दुर्लौकिकता दीर्घकाळ टिकली.

टंचाईही संपलेली नाही. स्टॉकहोमच्या घरवाटप यंत्रणेकडे अठरा वर्षे पूर्ण होताच नाव नोंदविता येते; परंतु २०२० च्या दशकात घर मिळण्यास सरासरी सुमारे नऊ वर्षे लागतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक सार्वजनिक इमारती रहिवाशांच्या सहकारी संस्थांना विकल्या गेल्याने भाड्याच्या घरांचा साठाही घटला.

घरांची संख्या हे गृहनिर्माणाचे एक माप आहे, एकमेव नव्हे. जमीन हाती असणे, वाहतुकीची सोय आधी होणे आणि सामायिक वापराचे नियम घालून देणे, या तीन गोष्टी जुळल्या तेथे वस्तीला घरपण आले. पहिला रहिवासी आला, त्या दिवशी स्थानकावर गाडी उभी होती की नव्हती, हा प्रश्न वेलिंगबी व तेन्स्ता यांच्यातील अंतर पुरेसे स्पष्ट करतो.