पिशवी झाकली, नळीचं काय?

एनआयसीयूमध्ये टीपीएनच्या, म्हणजे शिरेतून द्यायच्या पोषणाच्या, पिशवीवर काळं आवरण आता बऱ्याच ठिकाणी दिसतं. तिच्यातून निघालेली पारदर्शक नळी मात्र ट्यूबलाइटखाली उघडीच असते. युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये शिफारस केली, की दोन वर्षांखालच्या मुलांना अमिनो ॲसिड किंवा लिपिड असलेलं पोषण शिरेतून देताना ते शेवटचा थेंब जाईपर्यंत प्रकाशापासून जपावं. म्हणजे नळीसुद्धा आलीच.

टीपीएनमध्ये घातलेल्या मल्टिव्हिटॅमिनमधलं बी-२ जीवनसत्त्व प्रकाश शोषतं आणि त्यातून पेरॉक्साइडं तयार होतात. ती निकामी करणारं ग्लुटाथायोन अपुऱ्या दिवसांच्या बाळात आधीच कमी असतं. शिवाय ए जीवनसत्त्व उजेडात नासतं ते वेगळंच.

सुरुवात सामानापासून करा. तपकिरी सिरिंज, तपकिरी एक्स्टेन्शन, फिल्टर, पिशवीचं अपारदर्शक आवरण आणि लेबलच्या दोन प्रती हे सगळं मिश्रण करायच्या आधीच जवळ हवं. आवरण शोधायला माणूस पळतो तेवढा वेळ तयार पिशवी टेबलावर उघडी पडून राहते.

मल्टिव्हिटॅमिन सगळ्यात शेवटी घाला. ते पिशवीत घालायचं की लिपिडमध्ये, हे युनिटच्या पद्धतीप्रमाणे. मग झाकण्याआधी मिश्रण नीट बघून घ्या: कण दिसतात का, लिपिड फाटून वर तेलाचा थर आलाय का. एकदा आवरण चढलं की हे दिसत नाही. शंका आली तर ते वापरू नका. लेबलची एक प्रत पिशवीवर आणि दुसरी आवरणाच्या बाहेर लावा, म्हणजे बाळाचं नाव वाचायला आवरण काढावं लागणार नाही.

आता नळी. एक किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी १ ग्रॅम लिपिड द्यायचं, तर २० टक्क्यांचं लिपिड दिवसभरात ५ मिली लागतं, म्हणजे तासाला साधारण ०.२ मिली. नळीत २ मिली मावत असेल, तर सिरिंजमधून निघालेला थेंब बाळापर्यंत पोचायला नऊ तासांहून जास्त लागतात. नळी बारीक असल्यामुळे तेवढा वेळ उजेड त्या थेंबाला चहूबाजूंनी गाठतो. नुसती पिशवी गुंडाळून समाधान मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

म्हणून शक्य तितकी आखूड आणि तपकिरी नळी घ्या. तपकिरी नळीत बुडबुडे चटकन दिसत नाहीत, तेव्हा प्राइम करताना सावकाश बघा. तशी नळी मिळत नसेल तर पूर्ण लांबीची अपारदर्शक बाही चढवा. फॉइल गुंडाळायचा सल्ला मी देणार नाही: वळणावर ते सरकतं आणि सैल झालेला जोड त्याखाली लपतो.

इन्क्युबेटरच्या आत गेलेला नळीचा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. बाळ फोटोथेरपीखाली असेल तर डोळ्यांवरची पट्टी सगळे आठवणीने लावतात, पण नळी त्याच निळ्या झोतात पडलेली असते, आणि बी-२ नेमका निळा प्रकाश जोमाने शोषतं. फोटोथेरपी थांबवू नका. नळी झोताबाहेरून वळवा आणि आतल्या भागालाही आवरण घाला.

ड्यूटी बदलताना पंपाचा दर तपासता तसा पिशवीपासून बाळापर्यंत नळीवरून हात फिरवा. जोड घट्ट आहेत का, कुठे उघडा तुकडा राहिलाय का, हे तेव्हाच कळतं. सिरिंज आणि सेट बदलताना नवे आधीच झाकलेले आणा.

एक जागा मात्र कधीही झाकायची नाही: सुई किंवा कॅथेटर जिथे कातडीत शिरतं ती. तिथे सूज, लाली किंवा पांढुरकेपणा आलाय का हे दर तासाला दिसलंच पाहिजे. टीपीएन शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. तसं काही दिसलं की पंप लगेच बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा.