मुकी घंटा

चित्रपट तयार करणारी संस्था निराळी आणि तो गावोगावच्या चित्रपटगृहांत पोहोचविणारी वितरण संस्था निराळी. दोघीही कथेला आरंभ होण्यापूर्वी आपापले बोधचिन्ह पडद्यावर दाखवीत. तुतारी फुंकणारी 'प्रभात'ची स्त्री आपल्याकडील जुन्या प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाची होती.

इंग्लंडात १९३५ साली 'जनरल फिल्म डिस्ट्रिब्यूटर्स' नावाची वितरण संस्था निघाली. तिचे चिन्ह मोठे भव्य होते. माणसाहून मोठी, थाळीसारखी वाटोळी घंटा टांगलेली आहे; उघड्या अंगाचा एक धिप्पाड पुरुष उभा आहे; तो मोगरी उचलून घंटेवर टोला हाणतो आणि तिचा गंभीर नाद सभागृहभर घुमतो. नाद विरतो न विरतो तोच चित्रपट सुरू होई. पुढे ही संस्था जे. आर्थर रँक यांच्या उद्योगसमूहात गेली व तेच चिन्ह त्या समूहाचे झाले.

मात्र ती घंटा धातूची नव्हती! ती कागदाच्या लगद्याची केलेली होती. त्या पैलवानाने खरोखरच बळ लावले असते, तर तिला भगदाड पडले असते. मग तो नाद कोठला? तो जेम्स ब्लेड्स नावाच्या तालवादकाने खऱ्या चिनी घंटेवर वाजविला होता. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या आकाशवाणीवरून विजयाची खूण म्हणून तीन ऱ्हस्व व एक दीर्घ असे ढोलाचे ठोके ऐकविले जात. तेही याच ब्लेड्स यांचे. लाखो लोकांनी त्यांना ऐकले, परंतु घंटेच्या त्या चित्रात ते दिसले नाहीत.

जे दिसले, त्यांचे तरी नाव कितीजणांस ठाऊक होते? आरंभीच्या काळात बिली वेल्स हा नामांकित मुष्टियोद्धा या भूमिकेत होता. १९५५ च्या सुमारास ती केन रिचमंड या कुस्तीगिराकडे आली. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत मुक्त कुस्तीच्या सर्वांत वजनदार गटात त्याने कांस्यपदक मिळविले होते. त्याच सामन्यांत, त्याच कुस्तीप्रकारात, हलक्या गटातील कांस्यपदक कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी पटकाविले. दोघांचाही जन्म १९२६ चा. खाशाबा परतले तेव्हा बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगेने त्यांची मिरवणूक निघाली. रिचमंडला देशोदेशींच्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिले, पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव नसे. मोबदलाही एकदाच मिळाला. पुढे त्याचे चित्र कितीही वेळा दाखविले गेले, तरी त्याबद्दल वेगळे काही मिळावयाचे नव्हते. २००६ साली तो वारला, तेव्हा इंग्लंडातील वृत्तपत्रांनी त्याच्या पदकाबरोबर त्या कागदी घंटेचीही आठवण काढली.