त्याला शाबासकी देऊ नकोस

चि. सायली,

वॉर्सात दर शनिवारी तू युद्धामुळे आलेल्या युक्रेनी मुलांना गणित शिकवतेस, हे वाचून बरं वाटलं. त्या नऊ वर्षांच्या मुलाबद्दल तू भरभरून लिहिलं आहेस. आधी धाकट्या बहिणीच्या बुटाची नाडी बांधतो, दोनातलं एक बिस्किट खिशात टाकतो, हट्ट कसला तो करत नाही. ‘किती समजूतदार!’ असं तू त्याला म्हणालीस. तेवढं मात्र पुन्हा म्हणू नकोस. ही समज वयाने आलेली नाही, अंगावर येऊन पडली आहे. वर तू शाबासकी दिलीस, तर पोराला पोरपणाची चोरी होईल.

अशी मुलं आपल्याकडेही येऊन राहिली होती. कोल्हापूरजवळ गांधीनगरला आपण कापड घ्यायला जातो ना, तिथेच दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पोलिश कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात नेली. १९४२ मध्ये त्यांतली काही कास्पियन ओलांडून इराणात पोचली. पोटभर मिळू लागल्यावरही मुलं उशीखाली पावाचे तुकडे दडवायची. १९४३ पासून सुमारे पाच हजार माणसं वळिवड्यात राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. छावणीतल्या मोठ्यांनी शाळा चालवल्या, स्काउटची पथकं काढली, नाटकं बसवली. म्हणजे गृहपाठ केला नाही म्हणून बोलणी खाण्याची मुलांची सोय केली! मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

‘त्याला बोलतं कसं करू?’ असं तू विचारतेस. करूच नकोस. युद्धाचं चित्र काढायला सांगू नकोस. आपणहून काढलं तर बघ, रंग संपला तर दुसरा दे. बिस्किट खिशात गेलेलं दिसलं तरी न दिसल्यासारखं कर आणि पुडा टेबलावर उघडाच ठेव. गणित चुकलं तर चुकलं म्हण, बिचारा म्हणून मार्क वाढवू नकोस. एखाद्या शनिवारी तो बहिणीची वेणी ओढेल, वही फाडेल, फतकल मारून बसेल. तेव्हा घाबरून मला फोन करू नकोस. कुठल्याही पोराला रागावली असतीस तशी रागव.

मुलांचे फोटो मात्र कुठे टाकू नकोस, मलाही नकोत. फराळ पाठवते आहे. चकल्या तिखट झाल्यात, मुलांना देताना बेतानं.

तुझी,
आत्या