वस्तीत वाचून दाखवता येईल असं लिही

अगं, तुझ्या संस्थेचं माहितीपत्रक काल सावकाश वाचलं. कागद छान, छपाई झकास, गुरुग्रामच्या सायबर सिटीतल्या सीएसआरवाल्यांच्या टेबलावर शोभेल. पण पहिल्याच पानावर नाक गळणारी, फाटक्या फ्रॉकमधली पोर. खाली तिचं नाव, वस्तीचं नाव, आणि बाप दारू पिऊन मारतो हेही. मनातलं सांगू? ते पान आधी काढ.

त्या पोरीची आई कुठल्यातरी सोसायटीत धुणंभांडी करत असणार, आणि तुझे देणगीदारही तशाच सोसायट्यांत राहतात. उद्या फरशी पुसताना टीपॉयवर आपल्याच लेकीचा फोटो दिसला, तर त्या बाईने मालकिणीसमोर मान कशी वर करायची? शिवाय कायदाही माहीत असू दे. बालकल्याण समितीपुढे प्रकरण असलेल्या मुलाची ओळख उघड केली, तर बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझी पोर त्यात बसत नसेलही. पण जे तिथे गुन्हा ठरतं, ते इथे शोभेचं कसं होईल?

डोळ्यांत पाणी आणलं की पैसे येतात, हे तुझे साहेब म्हणतात ते खोटं नाही. येतात, पण दयेपोटी देणारा माणूस पुढच्या वर्षी दुसरीकडे हळहळतो. कामावर विश्वास बसलेला टिकतो. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, तेव्हा कुष्ठरुग्णांच्या जखमा दाखवून झोळी भरणं सोपं होतं. त्यांनी दाखवली ती शेती, विणलेलं कापड, बांधलेली घरं. आईकडे ‘लोकसत्ता’ येतो, त्यातला गणपतीतला ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रम आठवतो ना? २०११पासून चाललाय. संस्था काय करते, अडलंय कुठे, पैसे आले तर त्यातून काय उभं राहील, एवढंच सांगतात, आणि वाचक धनादेश पाठवतात. तुझ्या पत्रकात ‘परिवर्तन’ आणि ‘सक्षमीकरण’ पानोपानी आहे. शिवणवर्गात मशिनं किती आणि वर्ग किती वाजता, ते कुठेच नाही.

आता खरी तक्रार. देणगीदारांसाठी बारा गुळगुळीत पानं, आणि वस्तीसाठी? भिंतीला डकवलेला एक झेरॉक्स, तोही सरकारी परिपत्रकासारखा. बिहारहून आलेल्या मजुराला ‘वन नेशन वन राशन कार्ड’चं भलंमोठं नाव देऊन काय उपयोग? त्याला सांग, की गावाकडचं कार्ड इथेही चालतं, आधार जोडलेलं हवं, मशिनवर अंगठा द्यायचा, आणि इथे फक्त आपला वाटा उचलला तर घरच्यांचा तिकडे शाबूत राहतो. दुकान कुठल्या गल्लीत, कधी उघडतं, दुकानदार नाही म्हणाला तर कुणाला फोन करायचा, हे मोठ्या अक्षरांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच वस्तीतल्याच एखादीच्या आवाजात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरव.

गुरुग्राममध्ये राहून ‘गुडगाव की आवाज’ ऐकला नसशील तर ऐक. १०७.८ एफएम, २००९पासूनचं सामुदायिक रेडिओ केंद्र. गावची माणसं, बाहेरून आलेले कामगार स्वतःच बोलतात, गातात. कुणी त्यांच्या वतीने गळा काढत नाही. तुझ्या कॉलेजात शिकवलेल्या जनसंपर्कापेक्षा तिथे जास्त शिकायला मिळेल, असं माझं आपलं मत.

आणि फोटो हवाच असेल, तर शिलाई मशिनवर बसलेल्या बाईचा घे, तिला विचारून; कुठे छापणार तेही सांग. ‘नाही’ म्हणाली तर विषय संपला, ‘दीदींना वाईट वाटेल’ म्हणून होकार काढू नकोस.

नवीन मजकूर झाला की छापायला टाकण्याआधी शिवणवर्गातल्या दोघीतिघींना मोठ्याने वाचून दाखव. त्या जिथे खाली बघतील, ते वाक्य खोड. मग मला पाठव.